दिवाळीची साफसफाई केली आणि मिंटमध्ये लॉगिनच होईना

खडू_फळा

नमस्कार मंडळी, फोनवरून टाईप करतेय त्यामुळे चुका सांभाळून घ्या. घरी एक जुना असेंबल केलेला डेस्कटॉप आहे, चौथ्या पिढीचा आय3, 8 जीबी रॅम, 120 जीबीची एसएसडी आणि सोबत 1 टीबीची साधी हार्डडिस्क. 2020 च्या जानेवारीत विंडोज 7 चा सपोर्ट संपला तेव्हा भाच्याने त्यावर लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टिम) टाकून दिलं, तेव्हापासून अपग्रेड करत करत आता त्याची 21.3 सिनॅमन आवृत्ती आहे. शिकवणीच्या नोट्स, प्रश्नपत्रिका, प्रिंटर सगळं ह्याच्यावरच, आणि इतक्या वर्षांत कधी कुरकुर नाही.

शनिवारी रात्री दहाच्या सुमारास 'डिस्कवर जागा कमी' असा निरोप आला. म्हटलं घरात दिवाळीची साफसफाई चालूच आहे (मंगळवारी तर कॅबिनेट उघडून ब्रशने आतली धूळसुद्धा काढली होती, चांगली मूठभर निघाली), तर आतलाही कचरा काढू. नेटवर वाचून वाचून ॲप्ट क्लीन केलं (उतरवून ठेवलेली पॅकेजं काढणारी कमांड) त्यात 1.1 जीबी गेलं, जर्नल म्हणजे सिस्टिमची नोंदवही दीड जीबीची झाली होती ती छाटून 100 एमबीवर आणली, अपडेट मॅनेजरमधून एक जुना कर्नल (सिस्टिमचा गाभा) काढला. मिळून 3 जीबी तरी उडवलं असेन. तरी रिकामी जागा शून्यच दाखवतंय! मग रिस्टार्ट केलं आणि तिथून हा ताप सुरू, पासवर्ड टाकला की स्क्रीन क्षणभर काळी होते आणि परत लॉगिनचीच स्क्रीन. पासवर्ड चुकला तर निदान चुकला म्हणून सांगतं, इथे काही बोलतच नाही, नुसतं दारातून परत पाठवतंय.

भाच्याची परीक्षा चालू आहे, फोन बंद. सुट्टी संपली की दहावीच्या मुलांची चाचणी आहे आणि प्रश्नपत्रिका आत अडकलीय. फॉरमॅट न करता काही होईल का?

पाटी_पेन्सिल_विंडोज

ताई, विंडोज 10 टाका आणि मोकळ्या व्हा.

टर्मिनल_कट्टा

वरच्या दादांना विचारा विंडोज 10 चा सपोर्ट ऑक्टोबर 2025 मध्ये संपला ते माहीत आहे का, पण ते असो.

ताई, फॉरमॅट वगैरे काही नको. पासवर्ड बरोबर असून परत लॉगिनलाच येतंय याचं एक नेहमीचं कारण म्हणजे डिस्क गच्च भरलेली असणं, कारण आत शिरताना डेस्कटॉपला तुमच्या होममध्ये (तुमच्या स्वतःच्या फायलींचा फोल्डर) एकदोन बारक्या फायली लिहाव्या लागतात आणि त्यालाही जागा नसेल तर सेशन उभंच राहत नाही. तुमचं सामान सगळं जागेवर आहे, घाबरू नका.

लॉगिन स्क्रीनवर असताना कंट्रोल, ऑल्ट आणि एफ2 एकत्र दाबा, काळा पडदा येईल. तिथे युजरनेम टाका, मग पासवर्ड टाका (टाईप करताना एकही ठिपका दिसणार नाही, बिघडलं समजू नका). परत ग्राफिकवर यायचं तर कंट्रोल ऑल्ट एफ7. आता ह्या कमांड चालवून आकडे इथे द्या. मी बोलल्यासारख्या लिहितोय, तुम्ही अर्थात इंग्रजीत टाका (सुडो म्हणजे रूट, मशीनचा मुख्य ॲडमिन, म्हणून चालव):

डीएफ -एच

डीएफ -आय

सुडो डीयू -एक्सएचडी1 /

पहिली कमांड कुठल्या डिस्कवर किती जागा ते सांगते, दुसरी आयनोड (प्रत्येक फाईलमागे लागणारी एक नोंद) संपलेत का ते, बारीक बारीक लाखो फायली झाल्या की जागा असूनही डिस्क 'भरते'. तिसरी कुठल्या फोल्डरने किती खाल्लंय ते. तिच्यातला एक्स विसरू नका, त्याच्यामुळे ती फक्त एसएसडीपुरतं मोजते, दुसऱ्या डिस्कमध्ये शिरत नाही.

कोकणी_पेंग्विन

एक्स-सेशन-एरर्स फाईल बघा आधी!! होममध्ये लपलेली असते, नावाच्या आधी टिंब. माझ्याकडे एका बिघडलेल्या ॲपलेटने (पॅनेलवरचं छोटं ॲप) त्यात दर सेकंदाला तीच ती तक्रार लिहून 38 जीबी केली होती, फाईल रिकामी केली आणि तो ॲपलेट काढला, खेळ खल्लास.

खडू_फळा

बाप रे, काळ्या पडद्यावर शिरले एकदाची. फोटो काढून त्यावरून आकडे लिहितेय.

डीएफ म्हणतंय: एसडीए2 (म्हणजे एसएसडी) एकूण 109 जी, वापरलेली 106 जी, रिकामी 0, 100 टक्के. एसडीबी1 (मोठी डिस्क) 916 जी, वापरलेली 412 जी, ती /एमएनटी/ठेव ह्या जागी जोडलेली आहे, 'ठेव' हे नाव भाच्याने दिलंय. आयनोड फक्त 9 टक्के.

डीयू: यूएसआर 12 जी, व्हीएआर 6 जी, होम 13 जी, टाइमशिफ्ट (सिस्टिमचे स्नॅपशॉट, म्हणजे जुन्या स्थितीच्या प्रती ठेवणारा प्रोग्राम) 9 जी, बाकी किडूकमिडूक मिळून 1, एकूण 41 जी.

पेंग्विनदादा, ती एरर्सवाली फाईल बघितली, 60 केबी आहे.

एक कळत नाही, 109 मधून 106 वजा केले तर 3 राहतात ना? मग रिकामी 0 कशी? आम्ही मुलांचे अशा उत्तराचे मार्क कापतो.

टर्मिनल_कट्टा

मार्क कापू नका, हिशेब बरोबर आहे. ईएक्सटी4 (डिस्कवर फायली मांडायची लिनक्सची पद्धत) मध्ये फॉरमॅट करतानाच 5 टक्के जागा रूटसाठी राखून ठेवलेली असते, तुमच्या बाबतीत साधारण साडेपाच जीबी. सणासाठी वेगळा काढलेला डबा समजा, घरच्यांनी हात लावायचा नाही. म्हणजे सामान्य युजरसाठी 103 च्या पुढे गेलं की रिकामी शून्य. तुम्ही 3 जीबी उडवलं ते त्या राखीव डब्यातच परत पडलं, म्हणून काही फरक दिसला नाही.

पण ह्यातून एक गोष्ट निघते. 106 अधिक तुम्ही काढलेले 3, म्हणजे 109, म्हणजे शनिवारी ती राखीव जागासुद्धा पार तळापर्यंत गेली होती. ती जागा साधा युजर वापरूच शकत नाही. ज्याने भरली तो रूट म्हणून चालणारा काहीतरी प्रोग्राम आहे, तुमचा ब्राउझर किंवा फोटो नव्हेत.

आत्ता आत शिरण्यापुरती सोय: सुडो ट्यून2एफएस -एम 1 /डेव्ह/एसडीए2. राखीव 5 टक्क्यांचं 1 टक्का होईल, दोनेक जीबी लगेच मोकळी दिसेल, चालू डिस्कवर केलं तरी चालतं. एफ7 ला येऊन लॉगिन करा. प्रश्नपत्रिका पेनड्राइव्हवर घ्या आधी, बाकी नंतर.

उंबरठा

सगळे एक आकडा सोडून बाकीच्यांवर बोलताय. डीएफ 106 म्हणतंय आणि डीयू 41. मग 65 जीबी कुठे आहे?

कोकणी_पेंग्विन

उडवलेली पण कुठल्यातरी प्रोग्रामने उघडी धरून ठेवलेली फाईल असणार. एलएसओएफ +एल1 चालवा, दिसेल.

उंबरठा

तसं असतं तर रिस्टार्टलाच सुटली असती, प्रोग्राम मेला की त्याने धरलेली जागा मोकळी होते. ताईंनी रिस्टार्ट केलंय, आणि डीयू सुडो लावून चालवलंय म्हणजे परवानगीमुळे काही मोजायचं राहिलं असंही नाही.

ताई, तीन प्रश्न. एक, तुमच्याकडे रोज आपोआप बॅकअप होतो का आणि कुठे? दोन, ती 916 वाली डिस्क गेल्या आठवड्यात मधे कधी गायब होती का? तीन, मंगळवारी कॅबिनेट उघडलंत त्यानंतर परत कधी हलवलं?

खडू_फळा

आत शिरले!!! प्रश्नपत्रिका पेनड्राइव्हवर आणि शिवाय स्वतःला मेलवर, दोन्हीकडे. कट्टादादा तुमच्या तोंडात साखर.

उंबरठा, बॅकअप होतो हो, भाच्याने एक स्क्रिप्ट लावून दिलीय, रोज रात्री साडेनऊला माझं सगळं होम 'ठेव'मध्ये वाराच्या नावाच्या फोल्डरात जातं, सोम मंगळ बुध असे सात फोल्डर, पुढच्या आठवड्यात तोच वार परत लिहिला जातो. सुडो लागतं त्याला म्हणजे रूटचंच असणार. डिस्क गायब होती का ते सांगता येणार नाही, मी तिकडे फारशी जात नाही, जुने फोटो आणि लग्नाची व्हिडिओ कॅसेट उतरवलेली तेवढं आहे तिथे.

हलवलं का म्हणाल तर, सांगू की नको असं झालंय. रविवारी सकाळी लॉगिन होईना म्हणून ह्यांनी जुन्या टीव्हीला मारायचे तशी कॅबिनेटच्या कुशीत एक सणसणीत थाप मारली आणि बंद करून परत चालू केलं. लॉगिन काही झालं नाही, पण आतून डिस्क फिरल्याचा आवाज आला म्हणून हे खूष होते.

उंबरठा

तुमचे 65 जीबी सापडले, फक्त तुम्हाला अजून दिसत नाहीत. बघा काय झालं असेल.

/एमएनटी/ठेव हा मुळात एसएसडीवरचा एक साधा रिकामा फोल्डर आहे. मोठी डिस्क चालू होताना त्याच्यावर येऊन बसते, म्हणजे माउंट होते. मंगळवारी धूळ काढताना त्या डिस्कची साटा केबल (डिस्क मदरबोर्डला जोडणारी) सैल झाली असणार. फस्टॅब फाईलमध्ये, म्हणजे कुठली डिस्क कुठे जोडायची त्या यादीत, भाच्याने 'नोफेल' लिहिलं असेल, बहुतेक सगळे लिहितात, त्यामुळे डिस्क सापडली नाही तरी मशीन बिनतक्रार चालू होतं. म्हणजे मंगळवारपासून डिस्क नाही, फोल्डर मात्र आहे. रात्री साडेनऊला स्क्रिप्ट उठली, तिला फोल्डर दिसला, तिने 13 जीबी होम त्यात ओतलं. मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनि, तेरा पंचे पासष्ट. शनिवारी एसएसडी तुडुंब, आणि स्क्रिप्ट रूटची असल्याने राखीव 5 टक्केही गेले. दहाला तुम्हाला निरोप आला.

रविवारी थाप बसली, केबल टेकली, डिस्क परत फोल्डरवर येऊन बसली. जमिनीवर धान्य सांडलंय आणि कोणीतरी त्यावर सतरंजी अंथरली तसं. आता डीयू सतरंजीवर चालतंय आणि म्हणतंय इथे काही नाही.

खात्री करायची तर अशी:

सुडो एमकेडीआयआर /एमएनटी/बघू

सुडो माउंट --बाइंड / /एमएनटी/बघू

सुडो डीयू -एचडी1 /एमएनटी/बघू/एमएनटी/ठेव

बाइंडने एसएसडीचा नुसता स्वतःचा चेहरा दिसतो, वर बसलेल्या डिस्क सोडून. आर-बाइंड अजिबात लिहू नका, त्यात डिस्कही बरोबर येतात, आणि मग डिलीट करायला गेलात तर खरा बॅकअप जाईल. काही उडवू नका, फक्त बघा आणि सांगा.

डबा_डबा_अक्षरं

मधेच घुसतो, साफसफाईचाच विषय आहे म्हणून. मी पण मागच्या महिन्यात 'नको त्या भाषांचे फॉन्ट' काढून टाकले जागा वाचवायला, तेव्हापासून फाइल मॅनेजरमध्ये मराठी नावांच्या जागी नुसते चौकोन दिसतात. फायली गेल्या का?

कोकणी_पेंग्विन

फायली शाबूत आहेत, काढायला अक्षरं नाहीत एवढंच. सुडो ॲप्ट इन्स्टॉल फॉन्ट्स-देवा. त्यातला देवा म्हणजे देवनागरी, कोणाला हाक मारत नाहीये. मग एफसी-कॅशे -एफ, आणि एकदा लॉगआउट लॉगिन. फॉन्ट काढून किती वाचले, 20 एमबी?

खडू_फळा

मंगळ 13 जी

बुध 13 जी

गुरू 13 जी

शुक्र 13 जी

शनि 13 जी

मी अक्षरशः ओरडले, हे स्वयंपाकघरातून पळत आले. पाचच्या पाच वार!! आणि अजून एक गंमत, स्क्रिप्टचं काम पुरं झालं की ती फोल्डरात 'झाला' नावाची एक फाईल टाकते, तिच्यात तारीख असते. मंगळ ते शुक्रमध्ये 'झाला' आहे, शनिमध्ये नाही. म्हणजे शनिवारी अर्ध्यातच दम सुटला. आणि मोठ्या डिस्कवरच्या मंगळ ते शनिमधल्या 'झाला'मध्ये त्याच्या आधीच्या आठवड्याच्या तारखा आहेत, रविवारची मात्र कालची. सगळं जुळतंय.

आता हे पाच फोल्डर उडवू का?

उंबरठा

थोडं थांबा. मोठ्या डिस्कवर कालचा, रविवारचा बॅकअप पुरा झालाय ना? त्यातली एकदोन फायली उघडून बघा, एखादी प्रश्नपत्रिका, एखादा फोटो. उघडल्या की मग उडवा. पत्ता नीट बघून, सुरुवात /एमएनटी/बघू ने झालीच पाहिजे. नुसतं /एमएनटी/ठेव लिहिलंत तर खरा माल जाईल. घाईत असाल तर टर्मिनल नको, वार एकेक करून काढा, प्रत्येक वेळी डीएफ बघा, 13 ने रिकामी वाढली तर बरोबर जागी हात आहे.

सहज_डोकावलो

एवढं बाइंड वगैरे कशाला, मोठी डिस्क अनमाउंट करायची, खालचा फोल्डर आपोआप दिसतो. मी नेहमी तसंच करतो.

उंबरठा

चालतं की, मीही करते. पण ताईंना दोन्हीकडच्या 'झाला'च्या तारखा शेजारी ठेवून बघता आल्या त्या बाइंडमुळेच. शिवाय जी डिस्क थापेवर चालतेय ती काढघाल करायची हौस मला तरी नाही.

टर्मिनल_कट्टा

उंबरठा, मानलं. मी राखीव जागेपाशीच घोटाळत बसलो होतो.

ताई, जागा मोकळी झाली की अजून तीन कामं आहेत नाहीतर पुढच्या दिवाळीला परत भेटू. स्क्रिप्टच्या सुरुवातीला एक ओळ टाका: माउंटपॉइंट -क्यू /एमएनटी/ठेव || एक्झिट 1. म्हणजे तिथे डिस्क बसलेली नसेल तर स्क्रिप्ट काही न करता परत फिरेल. दुसरं, बाइंड चालू आहे आणि खालचा फोल्डर रिकामा झालाय तेव्हाच सुडो सीएचॲटर +आय /एमएनटी/बघू/एमएनटी/ठेव करा, म्हणजे त्या फोल्डरला कुलूप, डिस्क नसताना रूटलासुद्धा त्यात लिहिता येणार नाही, डिस्क वर बसायला मात्र काही अडचण नाही. मग सुडो यूमाउंट /एमएनटी/बघू. आणि तिसरं, मशीन बंद करून, प्लग काढून, साटा केबलची दोन्ही टोकं नीट दाबा, जमलं तर केबलच बदला. केबल खराब आहे का ते कळतं: सुडो स्मार्टसीटीएल -ए /डेव्ह/एसडीबी (स्मार्टमॉनटूल्स पॅकेज लागेल), त्यात 199 नंबरची ओळ बघा, सीआरसी एरर काउंट, म्हणजे डेटा येता-जाता झालेल्या चुकांची मोजणी. बहुतेक वेळा तो आकडा डिस्कमुळे नाही, केबलमुळे वाढतो.

बाकी तुम्ही केलेली सफाई वाईट नव्हती, ॲप्ट क्लीन निर्धोक आहे, जर्नलला तसंही 10 टक्क्यांची आणि जास्तीत जास्त 4 जीबीची मर्यादा असते. फ्लॅटपॅक (ॲप टाकायची वेगळी पद्धत) वापरत असाल तर फ्लॅटपॅक अनइन्स्टॉल --अनयूज्ड एकदा चालवा, जुने रनटाइम (ॲपना लागणारे सामायिक भाग) पडून असतात, तिथे बऱ्यापैकी जागा सुटते. ऑटोरिमूव्ह (नको असलेली पॅकेजं आपोआप काढणं) करताना मात्र यादी वाचल्याशिवाय 'वाय' दाबायचा नाही. आणि ती एका क्लिकमध्ये सगळं साफ करणारी ॲप रूट म्हणून चालवू नका, काय काय उडवलं ते नंतर कोणालाच सांगता येत नाही. मी केलंय, मेल क्लायंटची सेटिंग गेली होती.

डबा_डबा_अक्षरं

चौकोन गेले, नावं दिसली. 20 नाही, 14 एमबी वाचले होते. हसू नका.

खडू_फळा

तीन दिवसांनी येतेय, फराळाच्या गडबडीत राहिलं. पाचही वार एकेक करून काढले, प्रत्येक वेळी डीएफ बघत. आता एसएसडी 41 वापरलेली. ट्यून2एफएस परत 5 वर नेलं, तरी 62 रिकामी. टाइमशिफ्टचे स्नॅपशॉट पाच होते ते तीनवर आणले. स्क्रिप्टमध्ये ओळ टाकली आणि फोल्डरला कुलूपही लावलं, मग मुद्दाम डिस्क अनमाउंट करून स्क्रिप्ट हाताने चालवून बघितली, गपचूप परत आली. भाच्याचा पेपर संपल्यावर फोन आला, त्याला सगळा धागा पाठवला, तो म्हणे मावशी ती ओळ मी नंतर टाकणार होतो.

केबल 70 रुपयांना मिळाली. जुनीचं एक टोक खरंच नुसतं टेकलेलं होतं, बोट लावलं तर हातात आलं. 199 नंबरच्या ओळीवर 212 आकडा होता, केबल बदलून दोन दिवस झाले, अजून 212 च आहे.